आरसा की सॅटिन

बोटीचा पंखा आरशासारखा चकचकीत असावा की मंद सॅटिनचा, या प्रश्नासाठी मी गेल्या उन्हाळ्यात देवापुढे दिवा लावला. सॅटिन होऊ दे, एवढंच मागितलं. देवही बुचकळ्यात पडला असेल. सोलापूरची बाई, समुद्र उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलेला, बोटीत बसली ती एकदाच, तीही उजनीच्या पाण्यात, डोळे गच्च मिटून आणि शेजारणीचा पदर धरून. हिला बोटीच्या पंख्याचं एवढं काय पडलंय? पण मला पडलं होतं. माझ्या नवऱ्याचा जीव त्या पंख्यावर अवलंबून होता आणि हे माझ्याशिवाय कुणालाच, खुद्द नवऱ्यालाही, पटत नव्हतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमची पत्र्याची शेड आहे. पितळेला, ब्राँझला झळाळी द्यायचं काम. मोटरच्या दांड्यावर कापडाची जाडजूड चकती गरगर फिरते, तिला बफ म्हणतात. फिरत्या बफला पॉलिशची वडी टेकवायची आणि मग त्यावर वस्तू धरायची. समया, घंटा, देवामागची प्रभावळ, मठातली मोठी घंगाळं अशी कामं आमच्याकडे येतात. गड्ड्याच्या जत्रेआधी तर शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. हे सगळं आमचे हे एकटे करतात. एके काळी हाताखाली कारागीर होते. ते एकेक करून पुण्याला गेले आणि तिकडचेच झाले. मी वस्तू पुसते, गुंडाळते, गिऱ्हाइकांशी बोलते आणि भांडते. भांडणाचं खातं लग्नापासून माझ्याकडेच आहे, कारण ह्यांना कुणाशी चढ्या आवाजात बोलता येत नाही. माझ्याशी येतं.

ह्यांचं चकाकीचं वेड अंगभूत. वस्तू झाली की नाही हे ठरवायची त्यांची एकच कसोटी आहे, तीत आपल्या मिशीचा केस न् केस दिसला पाहिजे. तो दिसला की मला हाक. मी हातातलं टाकून जायचं, समईत किंवा घंटेत बघून कपाळावरचं कुंकू सारखं करायचं आणि मगच ती वस्तू कागदात गुंडाळायची. घरातल्या सवाशिणीचं तोंड दिसल्याशिवाय देवाची वस्तू बाहेर धाडायची नाही, हा माझ्या सासूबाईंनी लावलेला शिरस्ता. त्या दुधनीकडच्या, कानडीत ओरडायच्या आणि मराठीत लाड करायच्या. त्या गेल्या, शिरस्ता राहिला. तरुणपणी मला त्याचा कंटाळा यायचा. पुढे पुढे सवय झाली, आणि मग आवडायलाही लागलं, कारण मी कुंकू सारखं करताना मागे ह्यांचं तोंड दिसायचं, कौतुकाची वाट बघणारं. मी मुद्दाम जरा वेळ लावायचे.

खोकला आधी थंडीपुरता होता. मग तो उन्हाळ्यातही मुक्कामाला राहिला. मी म्हणायचे दाखवा, हे म्हणायचे, "एवढ्याला काय दाखवायचं, धुळीचा हाय, जाईल की." शेवटी एकदा घरचा जिना चढताना मधल्याच पायरीवर बसले, तेव्हा मी रिक्षा बोलावली आणि शर्टसुद्धा बदलू न देता घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडाला धरला आणि ह्यांच्याऐवजी माझ्याकडे बघून बोलायला लागले. इतक्या वर्षांची बफची धूळ फुप्फुसात बसली आहे, म्हणाले. बसलेली निघत नाही. नवी जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे. बफ बंद करा. नाही केलात तर पुढे जिना राहू दे, कुशीवर वळतानाही धाप लागेल.

हे बाहेर आले आणि रिक्षात बसताना म्हणाले, "डॉक्टरला काय जातंय बोलायला. उद्या माशाला म्हणील, पाण्यात जाऊ नको."

मी रडले, भांडले, अबोला धरला. पुण्याहून लेकीनं फोनवर समजावलं की बाबा, मी आहे, घरात कशाची कमी नाही, शेडला कुलूप लावा. "व्हय, व्हय," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन निघाले. मास्क आणून दिला तर तो कपाळावर चढवून ठेवायचे, नाकावर घेतला की जीव घाबरतो म्हणून. माझ्यासमोर खोकायचे नाहीत. मोरीत जाऊन नळ सोडायचे आणि त्या आवाजाखाली खोकून घ्यायचे, जणू मी लग्न होऊन कालच आलेय आणि मला काही कळत नाही. पैशांचा प्रश्न असता तर मी कुठूनही उभे केले असते. हट्टाचं काय करणार? एकेका रात्री मी त्यांच्या छातीतली शिटी ऐकत पडून राहायचे आणि सकाळी पुन्हा त्यांच्याच डब्यात भाकरी भरून द्यायचे. माझाच मला संताप यायचा.

आणि अशात तो पंखा आला.

आमच्या मागच्या गल्लीत ब्राँझ ओतायची फाउंड्री आहे. मालकांना मी भाई म्हणते, ते मला वहिनी. कोकणातल्या एका बोटी बांधणाऱ्या पार्टीनं त्यांच्याकडून पंखे ओतून घ्यायला सुरुवात केली होती. बोटीच्या पाठीमागे पाण्याखाली फिरतो तो पंखा. परातीएवढा गोल, मधे जाड गोळा आणि त्याला पिळदार तीन पाती. भाई दोन पंखे घेऊन शेडमध्ये आले आणि म्हणाले, "पार्टीला दोन नमुने पायजेत, वहिनी. एक आरसा, एक सॅटिन. जो पसंत पडंल त्यातच पुढचं सगळं काम. वर्षभराचं हाय."

आरसा आम्हाला माहीत होता. सॅटिन म्हणजे काय ते भाईंनी करून दाखवलं. त्याला बफ लागत नाही. भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखीच, पण जाड घासणी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळायची, साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि पात्याच्या बुडापासून टोकापर्यंत एकाच दिशेनं हात ओढायचा. बारीक समांतर रेघा उमटतात आणि धातू मंद, रेशमी दिसायला लागतो.

"मोटर नाही?" मी विचारलं.

"मोटर कशाला? हाताचं काम."

"आणि धूळ?"

"पाण्यात घासायचं, वहिनी. धूळ कुठनं उडंल?"

वर्षभराचं काम, ह्यांचे हात गुंतलेले, शेड चालू, आणि छातीत धुळीचा कण नाही. ह्यांना घरी बसवणं मला जमलं नव्हतं. आता बसवायची गरजच नव्हती. फक्त कोकणातल्या एका न पाहिलेल्या माणसानं सॅटिन म्हणायला हवं होतं.

ह्यांनी सॅटिनच्या पात्याकडे बघून नाक मुरडलं. "हे काय, तोंड धुतलंय आन् आंघोळ राहिलीय. अर्धं काम पाठवायचं व्हय?"

"पार्टीला तेच पाहिजे असेल तर?"

"पार्टीनं आरसा बघितला न्हाय अजून," हे म्हणाले. माणूस इरेला पेटला होता.

पुढचे दिवस आमच्या शेडमध्ये निवडणूक लागल्यासारखं झालं. आरशाचा नमुना ह्यांनी असा केला की तसा मी त्यांच्याकडून देवाच्या प्रभावळीवरही पाहिला नव्हता. पात्यात पत्र्याचं छप्पर दिसायचं, पत्र्यातलं भोक दिसायचं. त्यापायी ते दिवसभर बफपुढे उभे राहिले आणि संध्याकाळी घरी येताना रस्त्यात दोनदा थांबून उगाच दुकानांच्या पाट्या वाचल्या. सॅटिनचा नमुना मी करायला लावला म्हणून केला, दोहोंतल्या लहान पंख्यावर, भाईंनी जवळपास हात धरून. झाल्यावर नेहमीप्रमाणे मला हाक मारली आणि आरशाचा पंखा पुढे केला. त्यात माझं तोंड एवढं लख्ख दिसलं की डोळ्यांखालची काळी वर्तुळंही सुटली नाहीत. मग सॅटिनचा पुढे केला. त्यात नुसता एक पिवळसर ढग होता. "बघ," हे म्हणाले, "तू हायस का ह्यात?"

"मी नसले तरी चालेल," मी म्हणाले. त्यांना वाटलं मी रुसले.

नमुने गेले आणि मी पार्टीचा नंबर भाईंकडून मागून घेतला. त्याआधी मी मोबाइलवर बोटीच्या पंख्यांचे जेवढे व्हिडिओ मिळतील तेवढे पाहिले. भाषा कळत नव्हती पण हात कळत होते. भाईंच्या फाउंड्रीतल्या इंजिनिअरला गाठून दहा प्रश्न विचारले. सगळं डोक्यात भरून, पोळ्या लाटता लाटता पाठ करून, मी कोकणात फोन लावला. माणूस सभ्य होता. मला मॅडम म्हणाला.

"आरसा दिसायला फारच सुंदर आहे, मॅडम," तो म्हणाला. "गुळगुळीत असल्यामुळे शंख-शिंपलेही लवकर चिकटत नाहीत म्हणतात. आमची बोट विकायला काठावर चढवून ठेवली की गिऱ्हाईक आधी पंख्याकडेच बघतं."

मी म्हणाले, आरसा सुंदरच आहे, पण तो वाळूत एकदा घासला की गेला. एकेक ओरखडा लांबून दिसतो. हात लावला तर बोटं उठतात, आणि तुमच्याकडची खारी हवा लागली की ती काळी पडतात. सॅटिनवर बारीक चरे रेघांत मिसळून जातात, पुन्हा एक हात मारला की झालं. हे सगळं खरं होतं. मी खोटं एक अक्षर बोलले नाही, फक्त जे खरं मला हवं होतं ते जोरात बोलले.

"पण काल तुमचे मिस्टर म्हणाले की आरसाच घ्या."

"कोण?" मी ओरडलेच.

"त्यांचा फोन आला होता. म्हणाले, सॅटिन म्हणजे आळशी माणसाचं काम."

हा माणूस, ज्याला गिऱ्हाइकाला नाही म्हणताना घाम फुटतो, त्यानं माझ्या पाठीमागे कोकणात फोन केला होता. मी विचारलं, "तुम्ही पंख्याला काही लेप लावणार आहात का?"

तो म्हणाला विचार आहे, शंख चिकटू नयेत म्हणून एक लेप मिळतो, महाग असतो, पण लावू म्हणतोय.

"मग आरशावर तो टिकणार नाही," मी म्हणाले. "भिंत फार गुळगुळीत असली की चुना पोपडे धरून सुटतो ना, तसं. लेपाला धरायला काहीतरी खरखर पाहिजे. सॅटिनच्या रेघांत तो बसेल."

मग तो म्हणाला की हे मात्र लक्षात आलं नव्हतं, विचारून कळवतो. ते कळवेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. त्याच दिवसांत तो दिवा लावला.

शेवटी भाई सांगत आले, "सॅटिन. पार्टीनं सॅटिन सांगितलं." मी भाईंच्या चहात दोनदा साखर घातली. हे कोपऱ्यात गेले आणि बफवर झाकण टाकलं, घरात कुणी गेल्यावर आरशावर कापड टाकतात तसं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या रात्री मी बऱ्याच महिन्यांनी झोपले.

पहिले पंखे आले. शेडच्या दारात उजेडाला टाकी, टाकीत साबणाचं पाणी, वर फळी, फळीवर पंखा. हे स्टुलावर बसून हात ओढायला लागले. धूळ नाही, आवाज नाही, नुसतं पाणी निथळत होतं. मी आत बसून शेंगा फोडत होते, दुपारच्या चटणीसाठी, आणि मला एवढं बरं वाटत होतं की मी गुणगुणत होते. ह्यांनी मान वर करून म्हटलंसुद्धा, "आनंद झालाय न्हवं? ऱ्हावा."

भाई झालेला पंखा बघायला आले. त्यांनी तो उन्हात तिरका धरला आणि बोट ठेवलं. "हे काय हाय?"

पात्यावर रेघा बुडापासून निघून टोकाकडे गेल्या होत्या, पण मधेच त्यांना आडवा छेद होता. नखानं ओढल्यासारखा. एकाच पात्यावर असे बरेच. मध्यावर, टोकापाशी, कुठंही.

"घासणी जुनी हाय," हे म्हणाले.

भाईंनी नवी घासणी दिली. पुढच्या पंख्यावरही तेच. हे म्हणाले ठोकळा वाकडा आहे. ठोकळा बदलला. तिसऱ्यावरही तेच. भाई मला म्हणाले, "वहिनी, सॅटिनला हात मधे थांबला की खूण पडते. बुडापासून निघालेला हात टोकालाच सुटायला पायजे. ह्यांचा हात थांबतोय कशाला?"

मी शेंगा बाजूला ठेवल्या आणि ह्यांच्या समोर जाऊन बसले. त्यांनी हात टेकवला, ओढायला सुरुवात केली. पात्याच्या मध्यावर आले आणि त्यांची छाती अडली. खोकला आला नाही, काही आवाज झाला नाही, फक्त आत कुठंतरी दार लागावं तशी छाती बंद झाली आणि त्याबरोबर हात थबकला. पापणी लवायच्या आत पुन्हा सुरू झाला. पाणी ओसरलं तेव्हा तिथं खूण होती.

म्हणजे हे असं होतं. एक हात बुडापासून टोकापर्यंत ओढायचा एवढा वेळही त्यांना सलग श्वास पुरत नव्हता. बफवर हे कधीच दिसलं नसतं. बफवर माणूस कितीही वेळा थांबला तरी चकती फिरत असते, पुढचा फेरा मागचा डाग पुसून टाकतो आणि शेवटी सगळा आरसाच होतो. तिथं त्यांनी किती वर्षं असं लपवलं असेल? मी पात्यावरून बोट फिरवलं. प्रत्येक खुणेपाशी बोट अडलं. डॉक्टरांच्या फोटोत मला काही कळलं नव्हतं, तो काळापांढरा होता. हे मात्र मला कळलं आणि मी तिथंच, भाईंसमोर, रडायला लागले.

"काय झालं गं?" हे घाबरून म्हणाले. मग त्यांनी माझं बोट कुठं आहे ते पाहिलं. आपलं बोट ठेवलं. एक खूण, मग दुसरी. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मला वाटलं होतं की मी ओरडून, भांडून जे पटवू शकले नाही ते आता त्यांना पटेल. पटलंही. पण त्यातून त्यांनी काढलं ते भलतंच.

"भाई," ते म्हणाले, "हे सगळे आरसा करून टाकतो. खुणा बुडतील. पार्टीला सांगा, जास्तीचं काम करून दिलंय."

भाईंना काय, त्यांना माल जायला हवा होता. ते म्हणाले, बघा, पार्टीला मी समजावतो. लेप लावायच्या आधी ते पॉलिशपेपरनं घासून घेतील.

"नाही," मी म्हणाले.

"अगं, असंच धाडू व्हय?" ह्यांचा आवाज चढला आणि चढताच फाटला. "त्या पात्यांवर माझा खोकला हाय. तो कोकणात धाडू? चार माणसं बघणार, म्हणणार सोलापुरात कुणीतरी धापा टाकत बसलंय."

"म्हणू देत."

"तुला काय कळतंय!"

"मी करते," मी म्हणाले. "सॅटिन मी करते. तुम्ही शिकवा, मी हात ओढते."

ते हसले. मग त्यांना कळलं की मी खरंच म्हणतेय आणि त्यांचं हसू गेलं. भाईंनी मधे पडून सांगितलं की वहिनी एक पंखा करून बघू देत, चांगला झाला तर झाला. मी पदर खोचला आणि स्टुलावर बसले. आयुष्यभर भांडी घासलेला हात. पहिलं पातं बिघडलं, दुसरं बरं झालं, तिसऱ्यावर हात बसला. रेघा सुटल्या त्या टोकालाच जाऊन थांबल्या. मी दर वेळी वर बघायचे, हे काही सांगतील म्हणून. ते दाराच्या चौकटीला टेकून बाहेर बघत होते. रस्त्यावरून यंत्रमागाच्या सुताचा टेम्पो गेला, तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

पंखा पुसून मी स्वतःच उचलला आणि भाईंच्या मागे फाउंड्रीत घेऊन गेले. भाईंनी तो उन्हात फिरवून फिरवून पाहिला, इंजिनिअरला दाखवला. "पास," म्हणाले. "वहिनी, पास हाय. मागचेही सगळे तुमीच पुन्हा मारा, जातील." मी त्यांच्याकडे पाणी मागितलं आणि सगळा तांब्या रिकामा केला. परत येताना मी हिशोब करत होते. मी हात ओढीन, हे मला दाखवतील, पाणी बदलतील, पार्टीशी बोलतील. दोघं दारातल्या उजेडात बसू. जमेल, मी स्वतःला म्हणत होते. जमणार.

गल्लीच्या वळणावर मला मोटरचा आवाज आला.

मी पळाले. चप्पल कुठं सुटली कळलं नाही. शेडच्या दारातून धुळीचा लोट बाहेर येत होता आणि आत, बफपुढे, हे उभे होते. गळ्यातला टॉवेल नाकावर बांधलेला, तो तोंडापाशी काळा झालेला. खुणा असलेला पंखा हातात होता, त्याचं एक पातं आरसा झालं होतं. मी हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नाही. मी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. चकती फिरत फिरत मंदावली, थांबली, आणि मोटरखाली झाकलेला दुसरा आवाज मोकळा झाला. ह्यांच्या छातीतून येणारी शिटी. हातातला पंखा त्यांनी नीट खाली ठेवला, आपटू दिला नाही, आणि मग ते खोक्यावर कोसळले. ओठ जांभळे पडले होते.

डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा फवारा माझ्या पिशवीत असायचा. तो दिला, पाठ चोळली, दाराकडे तोंड करून बसवलं. भाईंना फोन केला की गाडी काढा. गाडी यायला जो वेळ लागला त्यात मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही. फळीवरची मोठी कात्री घेतली आणि बफ कापायला लागले. आधी दांड्यावरचा, मग भिंतीवर टांगलेले, मग पेटीतले कोरे. हे सगळे बफ मीच शिवलेले. गिरणीच्या मांजरपाटाचे तुकडे आणून, थरावर थर लावून, गोल गोल टाके घालून, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून मी दुपारी तेच करत आले. बाजारच्या बफला माझ्या बफची सर नाही, असं हे गिऱ्हाइकांना सांगायचे. टाके इतके दाट होते की कात्री अडायची. मी दोन्ही हातांनी दाबून कापत होते आणि मोठमोठ्यानं रडत होते, आणि सगळी धूळ माझ्या तोंडात जात होती.

ह्यांनी मला थांबवलं नाही. थांबवायला श्वासच नव्हता. ते नुसते बघत होते, आधी कात्रीकडे, मग चिंध्यांकडे, मग माझ्याकडे. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोसलं असतं. शिटी जरा कमी झाली, ओठांवर रंग आला, तेव्हा त्यांनी टॉवेल खाली ओढला आणि बोलले. शाळेतून घरी आणून सोडलेल्या पोरासारखा आवाज होता.

"आता मी दिवसभर काय करू?"

बाहेर भाईंच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी कात्री टाकली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवायला लागले.

"श्वास घ्या," मी म्हणाले.